मत न्यायला घरी येतात, मग हयातीचा दाखला घ्यायला का नाही? (गोव्यातले ज्येष्ठ आणि आपल्या पंचायती)

सुरंगी (धागाकर्ती)

मंडळी, गोव्यातल्या वयस्कर माणसांसाठी सरकार काय करतं हा विषय निघाला की बोलणं लगेच पैशांवर येतं. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे दोन हजार वाढायला हवेत, वेळेवर जमा व्हायला हवेत. त्यात खोटं काही नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाची ही २००१ ची योजना. साठी ओलांडलेल्या, गोव्यात पंधरा वर्षं राहिलेल्या आणि तुटपुंजं उत्पन्न असलेल्या माणसाला तिने खरोखर हात दिला आहे. आमच्या वाड्यावर महिन्याची औषधं त्याच पैशातून आणणारी घरं मला माहीत आहेत.

पण मला आज वेगळ्याच गोष्टीवर बोलायचं आहे. पैसे मंजूर होतात, पण ते चालू ठेवण्यासाठी म्हाताऱ्या माणसाने जिथे जायला हवं तिथवर त्याला जाता येत नाही.

२०२२ च्या विधानसभा निवडणुकीत ऐंशी वर्षांवरच्या मतदारांना घरबसल्या मत देता आलं. २०२४ च्या लोकसभेला वयाची अट पंच्याऐंशी झाली, आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांनाही ती सोय होती. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा अधिकारी, घरी येऊन घरून मत देण्याचा १२-डी अर्ज देतो, भरून घेतो. मग ठरल्या दिवशी मतदान अधिकारी, सोबत पोलीस, चित्रीकरण करणारा माणूस असं पथक घरी येतं. खाटेवर पडलेल्या आजीचं मत गुप्त राहावं म्हणून आडोसासुद्धा उभा करतात. मी हे शेजारच्या घरात पाहिलं आहे आणि मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

त्याच आजीला आपण जिवंत आहोत हे दाखवायला मात्र दरवर्षी रिक्षा करावी लागते. सोबतीला कोणीतरी रजा टाकून यावं लागतं. नाही जमलं तर पैसे थांबतात आणि मग ते पुन्हा सुरू करण्यासाठी आणखी खेपा.

गोव्यात १९१ पंचायती आहेत, १३ नगरपालिका आणि एक पणजी महापालिका. एवढ्याशा राज्यात सरकार इतक्या जवळ आहे की आपल्या वॉर्डाने निवडून दिलेला पंच कोण, त्याचं घर कुठलं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरची माणसं गोव्यात ११.२ टक्के होती. देशात ती ८.६ टक्के. आपल्यापुढे फक्त केरळ. तेव्हापासून मुलं पुण्याला, बंगळूरला, आखातात, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेली ती वेगळीच. मोठ्या घरात दोन म्हातारी माणसं, किंवा एकच, हे आता कुठल्याही वाड्यावर दिसतं.

माझं म्हणणं असं: प्रत्येक पंचायतीने वॉर्डवार यादी करावी. घराबाहेर पडू न शकणारी माणसं कोण, एकटी राहणारी कोण. वर्षातून ठरावीक दिवशी पंच, सचिव आणि लागेल तो अधिकारी त्यांच्या घरी जावेत आणि दाखला, अर्ज, सह्या सगळं तिथेच उरकावं. हे अशक्य आहे का? तुमच्या गावात असं कोणी केलं आहे का? अनुभव लिहा.

कुळागर

सुरंगीताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी सत्तरी तालुक्यातला. आमच्याकडे अंतर ही पहिली अडचण आणि बोटांचे ठसे ही दुसरी. जन्मभर काजूच्या बोंडांत, सुपारीत, मातीत हात घातलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. यंत्र ठसा घेत नाही. माझे वडील समोर उभे, आधार कार्ड हातात, आणि काउंटरवरची मुलगी म्हणते, जुळत नाही. बाबा शांतपणे म्हणाले, "कितें गो बाय, हांव मेलां अशें दिसता तुका?" ती मुलगी बिचारी कावरीबावरी झाली. तिचा दोष नव्हता. ठसा उठला नाही तर पुढे काय करायचं हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

दुसरं, आमचं पंचायत घर. कार्यालय खाली, सभागृह वर. जिना उभा, कठडा एकाच बाजूला. ग्रामसभा वर भरते. म्हणजे ज्यांना गुडघे आहेत तेच ग्रामसभेचे सभासद.

पेडण्याचा भाऊ

+१. आमच्याकडेही सभागृह वरच. आई दहा वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक ग्रामसभेला जायची, पाण्याच्या नळावरून भांडायची. आता घरी बसून विचारते, कोण काय बोललं.

निवृत्त बँकवाला

मी बँकेत आयुष्य काढलं, म्हणून एक उपयोगाची माहिती देतो. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळ्या बँकांना सूचना दिली आहे की सत्तर वर्षांवरच्या, तसंच आजारी किंवा अपंग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी. रोख रक्कम घरी पोचवणं, घरून नेणं, डिमांड ड्राफ्ट पोचवणं, हयातीचा दाखला घरी येऊन घेणं, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. निवृत्तिवेतनधारकाने दाखला बँकेच्या कुठल्याही शाखेत दिला तरी चालतो, हेही त्यातच आहे. शाखेत जाऊन तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचारलेल्याला "आमच्याकडे माणूस नाही" हे उत्तर मिळतं, लेखी अर्जाला ते देता येत नाही.

निवृत्तिवेतन असेल तर आणखी एक सोय आहे. पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन सत्तर रुपये घेऊन घरी येतो आणि डिजिटल जीवन प्रमाणपत्र, म्हणजे हयातीचा दाखलाच, काढून देतो. बोटांचा ठसा उठत नसेल तर २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही ते काढता येतं. कुळागर, तुमच्या भागात हे लोकांना सांगा.

सुरंगी

काका, हे मला माहीत नव्हतं आणि मी रोज बँकेत जाणारी बाई आहे. मग घरात बसलेल्या माणसाला कसं कळणार? पंचायतीच्या फलकावर हे मराठीत आणि कोंकणीत मोठ्या अक्षरांत लावायला किती खर्च येईल?

माजी पंच

मी एक पूर्ण कार्यकाळ पंच होतो. दोन्ही बाजू मांडतो.

अधिकार आहेत का? आहेत. राज्यघटनेच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे द्यायचे विषय दिले आहेत, त्यात समाजकल्याण आणि दुर्बल घटकांचं कल्याण आहे. पैसा आहे का? १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता, फक्त पगारावर आणि कार्यालयाच्या खर्चावर नाही. रॅम्प, कठडा, बाक, तळमजल्यावरचं शौचालय ही कामं त्यात बसत होती. त्याशिवाय घरपट्टी आणि परवान्यांचं स्वतःचं उत्पन्न असतं. किनारपट्टीच्या पंचायतींकडे ते भरपूर, आमच्यासारख्या आतल्या गावांकडे अगदीच थोडं.

मग होत का नाही? माणसं नाहीत. आमच्या सचिवाकडे दोन पंचायतींचा कार्यभार होता. आठवड्यातले निम्मे दिवस तो इथे नसायचा, आणि असायचा तेव्हा त्याच्या टेबलावर घरदुरुस्तीचे ना हरकत दाखले, पाणी आणि विजेच्या जोडणीचे अर्ज, न्यायालयाच्या नोटिसा. मी पंच म्हणून गावात फिरायचो, कोण आजारी आहे ते मला माहीत असायचं, पण माझ्या माहितीला कागदावर कुठेच जागा नव्हती.

आणि दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. ग्रामसभेत जे बोलतात त्यांचं काम होतं. ग्रामसभा रविवारी भरतात म्हणजे नोकरदारांना येता येतं, ते चांगलंच आहे. चर्चा होते ती कचऱ्यावर, गटारांवर, डोंगर कापण्यावर, मोठ्या बांधकामांवर. हे सगळे विषय महत्त्वाचे आहेत, मीही त्यांवर भांडलो आहे. पण अंथरुणावरच्या माणसाचा विषय मांडायला तो माणूस तिथे नसतो. माझ्या पाच वर्षांत ज्येष्ठांवर ठराव आला असं मला आठवत नाही.

स्पष्ट बोलतो

राग मानू नका, पण आईवडिलांना बघणं हे मुलांचं काम आहे. पंचायतीने गटारं साफ करावीत. सगळंच सरकारने करायचं तर घर कशाला?

वकीलबाई, मडगाव

स्पष्ट बोलतो, तुमचं म्हणणं कायद्यालाही मान्य आहे, म्हणून तर २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आला. मुलं सांभाळत नसतील तर आईवडील न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. त्याचं काम उपजिल्हाधिकारी पातळीवर चालतं, वकील लावावा लागत नाही, दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. ज्येष्ठाला सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण याच कायद्यात सरकारसाठीही तरतुदी आहेत. सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांसाठी खाटा, वेगळी रांग, प्रत्येक जिल्ह्यात गरजू ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांची सोय असलेला वृद्धाश्रम. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनची प्रोवेदोरिया ही सरकारी समाजसेवी संस्था आहे, तिचे आश्रम चालतात, ही जमेची बाजू. केंद्राने या कायद्याखाली जे आदर्श नियम दिले त्यांत प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा पोलिसाने समाजसेवकासह भेट द्यावी असं म्हटलं आहे. म्हणजे सुरंगीताई मागतात ती यादी काही नवी कल्पना नाही. पंचायतीने आणि पोलीस ठाण्याने ती मिळून केली तर एकदाच काम होईल.

एक गोष्ट गोव्यातल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं याचीच असतात. "मुलाच्या नावावर घर केलं आणि आता तो जेवायला देत नाही." कलम २३ प्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत मागता येते. ती अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या, मग झगडा सोपा जातो. शिवाय आपल्याकडे वारसाचा कायदा वेगळा आहे. मुलांचा अर्ध्या मालमत्तेवर हक्क राखून ठेवलेला असतो, नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा दोघांची सामाईक असते. घाईघाईत कागदावर सही करू नका. आधी नोटरीला किंवा वकिलाला विचारा.

आणि अर्ज द्यायला माणूस स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो देऊ शकते. इथे पंच खूप काही करू शकतो.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये असतो. आई डिचोली तालुक्यात एकटी. स्पष्ट बोलतो यांचं वाक्य वाचून दुखलं, कारण ते मी स्वतःला रोज म्हणतो. रोज दोनदा फोन करतो, पैसे पाठवतो, कामाला बाई ठेवली आहे. तरीही तिची काही कामं मी इथून करू शकत नाही. माझी सही चालत नाही, तिचीच लागते, आणि ती कार्यालयात जाऊनच करावी लागते.

आईच्या तब्येतीची खबर मला सगळ्यात आधी कोण देतो सांगू? पोदेर, म्हणजे घरोघरी पाव देणारा. रोज सकाळी फाटकाला पिशवी टांगलेली असते, तो त्यात पाव टाकतो. पिशवी दिसली नाही, किंवा कालचे पाव तसेच राहिले, की तो हाक मारतो. एकदा आई न्हाणीघरात घसरली होती तेव्हा त्यानेच शेजाऱ्यांना बोलावलं आणि १०८ ला फोन लावला. त्याला हे करायला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, पंचायतीने अशा माणसांना एकत्र बोलवावं: पोदेर, पोस्टमन, दूधवाला, वीजमीटर वाचणारा, अंगणवाडीच्या ताई. त्यांना एक फोन नंबर द्यावा. गडबड दिसली तर कोणाला कळवायचं एवढंच. यात पैशाचा काही प्रश्न नाही.

स्पष्ट बोलतो

दूरदेशी, तुमच्यावर रोख नव्हता. माझ्या गावात मुलं शेजारच्या खोलीत राहून बघत नाहीत, ते डोळ्यांसमोर होतं. पोदेराची सूचना आवडली, मीही आमच्या पंचाला सांगतो.

मांडवीकाठ

शहरातलं वेगळं दुखणं लिहितो. पणजीत कार्यालयं जवळ आहेत, रिक्षा मिळते, पण पायी चालणं कठीण. पदपथ मध्येच संपतो, मध्येच फूटभर उंच होतो, त्यावर दुचाकी लावलेली असते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, असा सरकारचाच निकष आहे. मी बघतो ते बरेच रॅम्प इतके उभे असतात की धडधाकट माणूसही खुर्ची ढकलताना घाबरेल. रॅम्प केला अशी नोंद होते, वापर होत नाही.

पण सर्वांत मोठा प्रश्न शौचालयाचा, आणि त्यावर माणसं लाजेने बोलत नाहीत. रक्तदाबाच्या कित्येक रुग्णांना लघवी वाढवणारी गोळी असते. बाजारात किंवा कार्यालयात जायचं तर ते सकाळची गोळी घेत नाहीत, पाणी पीत नाहीत. माझी मावशी असं करते, तिच्या मैत्रिणीही करतात. उन्हात, पाणी न पिता, गोळी न घेता रांगेत उभं राहायचं. नगरपालिकांनी बाजाराच्या दिवशी स्वच्छ, कडी लागणारं, आत धरायला दांडा असलेलं, बसायला कमोड असलेलं शौचालय उघडं ठेवलं तर कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त माणसांच्या प्रकृतीला आराम पडेल.

परिचारिका

मांडवीकाठ, गोळीबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के खरं. ओपीडीत रक्तदाब वाढलेला दिसतो तो कित्येकदा त्याच दिवशी चुकवलेल्या गोळीमुळे. सगळ्यांना विनंती: गोळी टाळू नका, डॉक्टरांना वेळ बदलता येते का ते विचारा.

मी केरळच्या मैत्रिणींबरोबर काम केलं आहे. तिथे २००८ मध्ये सरकारने उपशामक सेवेचं धोरण आणलं आणि पंचायतींना त्यात उतरवलं. पंचायतीच्या खर्चाने नर्स घरोघरी जाते, अंथरुणावरच्या माणसाच्या जखमा धुते, नळी बदलते, घरच्या माणसाला कूस कशी बदलायची ते शिकवते. स्वयंसेवक सोबत असतात. आपल्याकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्य विम्याचं कार्ड २०१६ पासून आहे, सत्तरीच्या वरच्यांसाठी २०२४ मध्ये आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड आलं. ही कार्डं रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतात. घरी पडून पाठीला जखम झालेल्या आजोबांची ड्रेसिंग रोज कोण करणार, याचं उत्तर कार्डात नाही. आपली गावं एवढी लहान आहेत की दोन-तीन पंचायतींनी मिळून एक नर्स ठेवली तरी पुरेल.

दोडामार्गचा

सीमेपलीकडून लिहितो. आमच्याकडे ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी मोफत आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट. माझे आजोबा त्यामुळे पुन्हा बहिणीकडे जायला लागले. प्रवास स्वस्त झाला की माणूस घराबाहेर पडतो, हे डोळ्यांनी बघितलं. फक्त बसची पहिली पायरी उंच आहे, तिथे कंडक्टरचा हात लागतो.

कुळागर

आमच्याकडे कदंबाची (गोव्याच्या सरकारी महामंडळाची) बस येते तो फाटा घरापासून लांब आहे. तिकीट किती हा त्यानंतरचा प्रश्न.

माजी पंच

एक धोक्याची सूचना, सुरंगीताई. एकट्या राहणाऱ्यांची यादी फलकावर लावू नका, ग्रामसभेत वाचून दाखवू नका, व्हॉट्सॲपच्या गटावर तर मुळीच टाकू नका. चोरांना आयता पत्ता मिळेल. ती सचिवाकडे कपाटात राहावी आणि एक प्रत पोलीस ठाण्यात. नाव घालण्याआधी त्या माणसाला विचारावं. काहींना आपण असहाय आहोत अशी नोंद नको असते, त्यांचा मान ठेवायला हवा.

आणि "स्वयंपूर्ण मित्र" विसरू नका. २०२० पासून प्रत्येक पंचायतीला एक सरकारी अधिकारी नेमून दिला आहे, तो गावात येतो. पंचायतीत बसून अर्ज घेण्याऐवजी त्याच्या फेरीतला एक तास घरभेटींना मागा. सही करू शकणारा अधिकारी गावातच असेल तर निम्मं काम झालं.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. तुमच्या प्रतिसादांवरून मी पुढच्या ग्रामसभेसाठी मसुदा केला आहे. लेखी देऊन पोच घेणार आहे. वाचा आणि सुधारा:

"ग्रामसभा असा ठराव करते की पंचायतीने ज्यांना घराबाहेर पडणं शक्य नाही अशा, तसेच एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ रहिवाशांची वॉर्डवार नोंद त्यांच्या संमतीने करावी व ती गोपनीय ठेवावी. पंच, सचिव व नेमून दिलेले अधिकारी यांनी वर्षातून दोनदा घरभेट देऊन हयातीचा दाखला व योजनांचे अर्ज जागेवर पूर्ण करावेत. घरपोच बँकसेवा, १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन व न्यायाधिकरणाची माहिती मराठीत व कोंकणीत फलकावर लावावी. ग्रामसभा यापुढे तळमजल्यावर किंवा शाळेच्या पटांगणात घ्यावी. पंचायत घराला एकास बारा उताराचा रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडा व दांडा असलेले शौचालय यांचा अंदाजखर्च पुढील सभेत ठेवावा."

नर्सचा मुद्दा मी वेगळा ठेवला आहे, शेजारच्या दोन पंचायतींशी आधी बोलावं लागेल.

वकीलबाई, मडगाव

मसुदा चांगला आहे. एकच उणीव: कोण करणार आणि कधीपर्यंत, हे नाही. नाव आणि मुदत नसलेला ठराव इतिवृत्तात राहतो. सभा संपताना तो इतिवृत्तात जसाच्या तसा उतरला आहे का तेही बघा.

निवृत्त बँकवाला

आणि यादीसोबत प्रत्येकाची बँक व शाखाही लिहून घ्या. एकाच शाखेची दहा नावं निघाली तर शाखा व्यवस्थापकाला एका दिवसात सगळीकडे माणूस पाठवता येईल. मी आमच्या भागात हे बोलून बघतो.

सुरंगी

दोन्ही घातलं. "नोंद करण्याची जबाबदारी त्या त्या वॉर्डाच्या पंचाची, पोदेर व पोस्टमन यांची मदत घेऊन, मुदत गणेश चवथीआधी, पहिली घरभेट दिवाळीआधी, झालेल्या व राहिलेल्या भेटींची संख्या, नावं न घेता, त्यापुढच्या ग्रामसभेत सचिवांनी सांगावी." ज्यांना आपल्या गावात हाच मसुदा मांडायचा आहे त्यांनी खुशाल घ्यावा, आणि ग्रामसभेत काय झालं ते याच धाग्यावर कळवावं.